चार दिवसांची नखं

भगिनींनो, तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे याद्या निघतात. मांडव, वाजंत्री, आहेर, जेवणावळ ही कलमं जुनी. मग मेंदीवाली आली, तिच्यामागून मेकअपवाली आली, आणि आता त्याच यादीत ‘नवरीची नखं’ असं एक कलम दिसू लागलं आहे. परवा एका आईचं पत्र आलं. तिची लेक तालुक्याच्या गावी पार्लरचं काम शिकते. भुवया, केस, मेंदी, साडी नेसवणं एवढं हातात बसलं. आता नखं बसवायला शिकायचं म्हणते आणि सामानाला पैसे मागते. आई विचारते, “ताई, ज्या हातांनी शेण काढायचं, धार काढायची, त्या हातांना प्लास्टिकची नखं कोण लावून घेणार? पोरीचे पैसे पाण्यात तर जाणार नाहीत?”

प्रश्न रोकडा आहे. पण उत्तर देण्याआधी हे काम आहे तरी काय ते नीट पाहू या. ‘प्लास्टिकची नखं’ म्हटलं की आपण नाक मुरडतो, आणि पुष्कळदा नाक मुरडण्यासारखं घडतंही. मात्र ते का घडतं हे ठाऊक असलं म्हणजे पैसे मोजणारी आणि पैसे घेणारी दोघीही सुखी राहतात.

पार्लरमध्ये नखं वाढवून देण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत आपल्या नखाच्या टोकाला प्लास्टिकचं अर्धं नख जोडतात आणि वरून पूड व औषध कालवून त्याचा थर देतात. घराला पुढे पडवी काढावी तसा हा प्रकार. तो आठवडेच्या आठवडे राहतो, दर दोन-तीन आठवड्यांनी डागडुजी मागतो, आणि काढायला जड जातो. दुसरी तऱ्हा म्हणजे सबंध घरावर नवा पत्रा टाकावा तसं बुडापासून टोकापर्यंत अख्खं नख झाकणारं तयार नख चिकटवायचं. त्याला पार्लरमध्ये ‘फुल कव्हर’ म्हणतात. सणापुरतं, लग्नापुरतं लावायचं आणि काढून ठेवायचं. आज मी बोलते आहे ते या दुसऱ्या, चार दिवसांच्या नखांबद्दल.

ही नखं बहुधा एबीएस नावाच्या प्लास्टिकची असतात. हेल्मेटची कवचं आणि मुलांची खेळणी ज्याची होतात, तेच हे प्लास्टिक. डबीत बहुधा दहा मापं येतात, शून्यापासून नऊपर्यंत. शून्य नंबर सर्वांत रुंद, तो अंगठ्याचा. नऊ नंबर करंगळीचा. चिकटवायलाही दोन गोष्टी मिळतात. एक, दोन्ही बाजूंनी चिकट असलेली पातळ चकती. तिच्यावर नख एखादा दिवस, फार तर दोन दिवस टिकतं आणि सुखानं निघतं. दुसरा गोंद. तो त्याच जातीचा, ज्या जातीचं फेविक्विक आपण तुटकी चप्पल चिकटवायला आणतो. त्यावर नख आठवडाभर राहू शकतं. या गोंदाची जन्मकथा गमतीची आहे. १९४२ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीतले हॅरी कूव्हर हे रसायनशास्त्रज्ञ बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. त्यांना एक द्रव मिळाला, पण तो ज्याला लागेल त्याला चिकटून बसे, म्हणून त्यांनी तो बाजूला टाकला. पुढे १९५८ मध्ये तोच गोंद म्हणून बाजारात आला. हवेतला आणि कातडीवरचा दमटपणा लागला की तो क्षणात घट्ट होतो. म्हणूनच बोटाला बोट चिकटतं!

आता काम कसं करतात ते. नीट करणारीच्या हाताखाली बसलात तर पाऊण तास ते तासभर लागतो. दहा मिनिटांत दहा नखं लावून देणारी दिसली तर उठून या.

ती आधी तुमचे हात साबणानं धुवायला लावील आणि पुरते कोरडे करील. मग एकेक नख उजेडात बघेल. कुठे नखुरडं झालंय का, नख काळं-निळं पडलंय का, हिरवट डाग किंवा पिवळा जाड पापुद्रा आहे का, कडेला चीर आहे का. यांतलं काही असलं तर त्या बोटाला नख लावायचं नाही. झाकलेला रोग आत वाढतो. आपल्या बायकांच्या बोटांना खुरपणीत, कांदाकाढणीत, ऊसतोडीत बारीक चिरा पडलेल्या असतातच. पावसाळ्यात चिखलानं पायांचे हाल होतात तसे बारा महिने ओल्या हातांनी बोटांचेही होतात. म्हणून हे बघणं शहरापेक्षा आपल्याकडे जास्त गरजेचं.

मग जुना रंग पुसायचा, नख आखूड कापायचं, बुडाशी नखावर आलेली पातळ कातडी मऊ करून लाकडी काडीनं मागे सारायची. कापायची नाही. ती कातडी म्हणजे नखाच्या दाराची कडी. ती तुटली की घाण आत शिरते. त्यानंतर बारीक फाईल अगदी हलकी फिरवून नखावरची चकाकी तेवढी उतरवायची. इथेच पुष्कळ पोरी चुकतात. भांडं घासावं तशी फाईल घासतात, आणि नख कांद्याच्या पातीसारखं पातळ होतं. चकाकी गेली की हात थांबला पाहिजे. शेवटी स्पिरिटनं तेलाचा अंश पुसला की नख तयार.

आणि मग माप. या सगळ्या कामाचा जीव मापात आहे. नख दोन्ही कडांना बरोबर बसलं पाहिजे, तेही न दाबता. लहान नख दाबून बसवलं तर ते स्प्रिंगसारखं उसळायला बघतं; दुखतं, कडेनं उचकटतं आणि आपल्या नखालाही ओढतं. मोठं बसवलं तर गोंद कातडीवर जातो आणि कडेच्या फटीत पाणी साठतं. दोन मापांच्या मध्ये बोट पडलं तर मोठं घ्यायचं आणि कडा घासून बोटाजोगतं करायचं. उजव्या-डाव्या हाताच्या एकाच बोटाची मापंही सारखी नसतात. ज्या हातानं खुरपं धरतो त्याचा अंगठा थोडा रुंद असतो. चांगली कारागीर गोंदाची बाटली उघडण्याआधी दहाही नखं मापून ओळीनं मांडून ठेवते.

लावताना गोंद बेताचा, नख बुडाकडून तिरकं टेकवून हळूहळू पुढे दाबायचं म्हणजे आत हवा कोंडत नाही, आणि बुडाशी कातडीपासून केसभर जागा सोडायची. हवेचा बुडबुडा राहिला तर तिथे पाणी शिरेल. पाणी शिरलं की दोन गोष्टी होतात: नख सुटतं, किंवा सुटत नाही आणि आत ओल धरून राहतं. दुसरी गोष्ट वाईट. ओलीत जंतू वाढतात आणि खरं नख हिरवं पडतं. तसं दिसलं तर वरून रंग लावून झाकू नका. नख काढा, बोट कोरडं ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

लांबीबद्दल माझं मत ठाम आहे: आखूड. चीनमध्ये छिंग राजवटीत राजवाड्यातल्या स्त्रिया नखं वीतवीत वाढवत आणि ती मोडू नयेत म्हणून त्यांवर सोन्याची नक्षीदार टोपणं घालत. सम्राज्ञी त्सु-शीच्या चित्रांत ती दिसतात. त्या नखांचा अर्थच असा, की या हाताला काम करावं लागत नाही. आपला हात कामाचा आहे आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. शिवाय पहारीचं गणित बघा. पहार जितकी लांब तितका दगड लवकर उपटतो. लांब नखाचं टोक दाराच्या कडीत, बादलीच्या कानात किंवा गायीच्या दाव्यात अडकलं की सगळा जोर मुळाशी येतो आणि खरं नख मांसापासून उचकटतं. बोटाच्या टोकापुढे जोंधळ्याच्या दाण्याएवढं नख राहिलं तरी फोटोत ते पुरेसं दिसतं.

आता आपल्या लग्नातला एक पेच, जो शहरच्या पुस्तकात सापडत नाही. मेंदी आधी की नखं आधी? मेंदी आधी, हळद आधी, नखं शेवटी. मेंदीत आणि हळदीत तेल असतं. तेलकट नखावर गोंद धरत नाही. शिवाय हळदीनं प्लास्टिक पिवळं पडतं ते निघत नाही. म्हणून हळद उतरल्यावर हात दोनदा साबणानं धुवून लग्नाच्या आदल्या रात्री किंवा त्या दिवशी सकाळी नखं बसवावीत. पंगतीत नवरा-नवरी घास भरवतात, तेव्हा वरणभात नखाखाली जाणारच. जेवल्यावर मऊ ब्रशनं आतून धुवावं. आणि नव्या घरी पहिल्या दिवशी चुलीवर काही करायला लावलं, तर सासूबाईंना सांगायचं की नखं काढते आणि मग करते. लाजू नका. हे प्लास्टिक आचेनं मऊ होतं, ज्योत लागली तर पेटतं, आणि बोटावर चिकटलेलं असतं.

आता काढण्याकडे येते. या विषयात बिघडतं ते नव्वद वेळा इथेच. मागच्या उन्हाळ्यात एका वाचक भगिनीनं लिहिलं होतं, की लग्नानंतर पाचव्या दिवशी शेतात जायचं होतं, पार्लर वीस मैलांवर, म्हणून जावेनं सुरीच्या टोकानं नखं उचकटून काढली. नखं निघाली, पण त्यांबरोबर तिच्या नखांचे पापुद्रेही निघाले. कणीक मळताना, मिरची कांडताना, गरम पाण्यात हात घालताना डोळ्यांत पाणी येई. असं सोललेलं नख औषधानं जुळत नाही, ते मुळातून नवं वाढूनच यावं लागतं. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. बुडापासून टोकापर्यंत यायला सहा महिने. म्हणजे वैशाखात सोललेलं नख दिवाळीला पुरतं नवं होतं. तोवर ते आखूड कापून ठेवायचं, रात्री खोबरेल चोळायचं, मिरची-कांद्याला आणि भांड्यांना रबरी हातमोजे घालायचे, आणि त्यावर दुसरं खोटं नख अजिबात लावायचं नाही. ठणका लागला, कड सुजली किंवा पू दिसला तर घरगुती लेप न लावता दवाखाना गाठायचा.

वास्तविक काढायला फारसं काही लागत नाही, धीर लागतो. चकतीवरचं नख असेल तर कोमट पाण्यात साबण आणि चार थेंब तेल घालून दहा-पंधरा मिनिटं बोटं बुडवावीत आणि कडेनं लाकडी काडी सरकवत हळूहळू सोडवावं. गोंदावरचं असेल तर ॲसिटोन लागतं. आधी नख कापून आखूड करायचं, भोवतीच्या कातडीला व्हॅसलीन लावायचं, ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा नखावर ठेवून वर चांदीचा कागद गुंडाळायचा. दहा-पंधरा मिनिटांत प्लास्टिक भिजलेल्या पापडासारखं होतं, ते काडीनं सारून टाकायचं. जे सुटत नाही ते पुन्हा भिजवायचं, ओढायचं नाही. नेलपॉलिश काढायच्या काही बाटल्यांवर ‘ॲसिटोनविरहित’ असं छापलेलं असतं. त्यांचा इथे उपयोग नाही. आणि ॲसिटोन पेट्रोलसारखं पेट घेतं. खिडकी उघडी हवी. खोलीत चूल, शेगडी, निरांजन, उदबत्ती काही पेटलेलं नको.

कापूस पिकवणाऱ्या घरांना एक वेगळी सूचना. ओला गोंद कापसानं किंवा सुती कापडानं पुसू नका. या गोंदाचा कापसाशी संबंध आला की तो एकाएकी तापतो, इतका की कातडी भाजते. लुगड्यावर, ओढणीवर थेंब पडला तर कापड लगेच अंगापासून दूर धरा. बोटं एकमेकांना चिकटली तर ओढाताण न करता कोमट साबणाच्या पाण्यात धरून हळूहळू सोडवा. गोंदाची बाटली डोळ्यांच्या औषधाच्या बाटलीसारखीच दिसते. म्हातारीच्या डोळ्यांचे थेंब ज्या फडताळात असतील तिथे ती चुकूनही ठेवू नका. डोळ्यात गेलाच तर भरपूर पाण्यानं धुवा, पापण्या बळानं उघडू नका, तडक डॉक्टरांकडे जा.

काही जणींनी हा शौक सरळ टाळावा. जिची प्रसूती जवळ आली आहे किंवा ऑपरेशन ठरलं आहे तिनं आधीच नखं मोकळी करावीत. बोटाला लावायच्या यंत्रावर रक्तातला प्राणवायू मोजतात, आणि नखाचा फिकेपणा पाहून डॉक्टर अंगात रक्त किती आहे याचा अंदाज घेतात. जी परिचारिका आहे, रुग्णाला हात लावते, तिनं खोटी नखं लावू नयेत असं जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ च्या हात धुण्याच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे, कारण त्यांच्याखाली जंतू धुवूनही राहतात. हाच न्याय तान्ह्या बाळाच्या आईला, आणि बचत गटात पापड-लोणची करणाऱ्यांना लावा. ज्यांना पूर्वी नखांच्या सामानानं बोटांना खाज किंवा पुरळ आलं होतं, किंवा पापण्या सुजल्या होत्या (बोट डोळ्याला लागतंच, म्हणून तिथेही उमटतं), त्यांनी पुन्हा वाटेला जाऊ नये. अशी ॲलर्जी एकदा जडली की बहुधा जन्मभर राहते.

आता त्या आईला उत्तर. बाई, तुम्ही विचारता कोण लावून घेणार. तुमच्या गावात वर्षाला जितक्या नवऱ्या, त्यांतल्या निम्म्या तरी लावून घेणार; आज त्याच तालुक्याला जाऊन लावून घेतात, आणि काढायला परत जाणं होत नाही म्हणून सोलून बसतात. तुमच्या लेकीची जागा नेमकी इथे आहे. ती गावातच आहे. लावायला ती येईल आणि काढायलाही तीच येईल. शहरच्या पार्लरला हे जमत नाही.

पैसे द्या, पण एकदम सगळे नकोत. सुरुवातीला मापांच्या डब्या, चकत्या, गोंद, फाईल, लाकडी काड्या, ॲसिटोन, स्पिरिट एवढंच. दिवा आणि जेल यांच्या नादाला पहिल्या वर्षी लागू नये. जेल चिकटवून दिव्याखाली वाळवलेली नखं दोन-तीन आठवडे टिकतात खरी, पण जेल कच्चं राहिलं आणि कातडीला लागलं तर ॲलर्जीचा धोका मोठा, आणि ते नीट वाळवायला शिकलेला हात लागतो. जेलमध्ये काय घातलंय हेही वाचता यावं लागतं. टीपीओ नावाचं एक रसायन असलेली जेल युरोपीय संघात १ सप्टेंबर २०२५ पासून बंद झाली आहेत. हे शिकायचं तेव्हा शिकू दे, शिकल्याशिवाय विकत आणू नये.

शिकण्यासाठी खाजगी क्लासात भारी फी भरण्याआधी दोन दारं ठोठवा. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. आणि जिल्ह्याच्या ठिकाणी बँकांनी चालवलेली ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते, जिला लोक आरसेटी म्हणतात. तिथे ब्यूटी पार्लरचं शिक्षण विनामूल्य मिळतं. पुढची तुकडी कधी, हे गावच्या बँकेत विचारलं तर सांगतील.

आणि लेकीला माझ्यातर्फे चार गोष्टी सांगा. एकीच्या बोटावरून निघालेलं नख दुसरीला लावायचं नाही, कितीही चांगलं दिसलं तरी. ज्या गिऱ्हाइकाची नखं शाबूत निघाली तिला ती धुवून, पुसून तिच्याच डबीत घालून द्यावीत. नणंदेच्या लग्नाला तिलाच पुन्हा होतील. लोखंडी हत्यारं प्रत्येक हातानंतर साबणानं धुवून स्पिरिटमध्ये बुडवावीत. कागदी फाईल धुता येत नाही, ती ज्या त्या बाईला देऊन टाकावी. ज्या बोटाला रोग दिसतो त्याला ‘नाही’ म्हणायला शिकावं, नवरीची आई कितीही रागावली तरी.

दर सांगताना सामानाचे पैसे, तासाभराची मजुरी आणि जाण्यायेण्याचं भाडं तिनं वहीत वेगवेगळं मांडावं. पार्लरवाल्या पोरी सामानाची किंमत धरतात आणि स्वतःचा तास विसरतात. मग वर्षअखेरीला हातात काही उरत नाही. काढून देण्याचे पैसे वेगळे घेऊ नयेत, लावतानाच धरून घ्यावेत. ते वेगळे मागितले की घरचे म्हणतात, राहू दे, आम्हीच काढू, आणि सुरी येते. लावायच्या दिवशीच काढायचा वार ठरवून, तो नवरीच्या आईच्या हातात चिठ्ठीवर लिहून द्यावा.